पडद्यावरची आगंतुक चौकट



दवाखान्याच्या पडवीत, ओपीडीच्या दाराशेजारी लावलेला पडदा आपल्यापैकी अनेकांच्या देणगीतून आला. पावसाळ्यापूर्वी भेटीस आलेल्या मंडळींनी तो चालू असलेला पाहिला, मुलांबरोबर बाकावर बसून पावरी भाषेतील फिल्मही पाहिली. त्यांतील एका भगिनीने जाताना विचारले, "मध्येच त्याच्यावर कोपऱ्यात इंग्रजीत काहीतरी येते, ते काय असते? आणि ते बंद का करत नाहीत?" उभ्या उभ्या उत्तर देण्यासारखा तो प्रश्न नव्हता. संस्थेचे दवाखाने व वसतिगृहे यांतील संगणक, बॅटऱ्या, सोलरची जोडणी असे सगळे माझ्याकडे असते, म्हणून संपादकांनी हे उत्तर लिहून काढण्याचे काम मलाच दिले आहे.

आधी हा पडदा म्हणजे काय ते सांगतो. एकच काम करणारा, लोकांसाठी उघड्यावर ठेवलेला संगणक, याला किऑस्क म्हणतात. शब्द मूळचा फारसी, 'कूश्क', म्हणजे बागेतला मंडप. तुर्कांकडून तो युरोपात गेला, तिथे वर्तमानपत्राच्या टपरीला चिकटला आणि आता यंत्रांना लागला आहे. बँकेतले पासबुक छापणारे यंत्र, रेल्वे स्थानकावरचे तिकिटाचे यंत्र हे किऑस्कच. आमचा किऑस्क म्हणजे एक साधा टीव्ही आणि त्याच्या पाठीमागे चिकटवलेला, पत्त्यांच्या जोडाएवढा एक बोर्ड. या बोर्डाचे नाव रास्पबेरी पाय. मुलांना संगणक शिकता यावा म्हणून इंग्लंडमधील केंब्रिज येथील एका धर्मादाय प्रतिष्ठानने तो २०१२ साली बाजारात आणला, आणि स्वस्त व लहान असल्याने तो शाळेपेक्षा कारखान्यांत, दुकानांत आणि आमच्यासारख्यांच्या पडवीतच जास्त पोहोचला. त्यावर लिनक्स चालते. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेली आणि पुढे जगभरच्या हजारो लोकांनी वाढवलेली ही प्रणाली फुकट आहे, हे खरे. पण आम्ही ती घेतली त्याचे मोठे कारण वेगळे आहे. तिच्यातून नको ते काढून टाकायला कोणाची परवानगी लागत नाही. हा मुद्दा पुढे कामाला येणार आहे.

लिनक्सवर क्रोमियम नावाचा ब्राउझर उघडतो, तो सगळा पडदा व्यापतो, आणि त्यात आमचे एक पान दिसते. पानाच्या खालच्या पट्टीत नंबर पुकारला जातो आणि वर फिल्म चालू असते : लसीकरण, गरोदरपणातील तपासण्या, साप चावल्यावर वेळ न घालवता काय करायचे, आणि सिकलसेल.

या शेवटच्या फिल्मनेच चौकटीचा प्रश्न किती गंभीर आहे ते दाखवले. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आपल्या सातपुड्यातील भिल्ल व पावरा समाजांत मोठ्या प्रमाणावर आढळतो, हे वाचकांना माहीत आहेच. देशपातळीवर त्याच्या निर्मूलनाची मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झाली. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन, आणि पूर्ण निरोगी असण्याची चारात एक असते. फिल्ममध्ये हे शब्दांनी न सांगता पडद्याच्या वरच्या भागात चार मुले ओळीने उभी केली आहेत. डावीकडचे पांढरे, मधली दोन अर्धी लाल, उजवीकडचे पूर्ण लाल. (प्रत्येक वेळी शक्यता तीच राहते, चार मुलांत एकच आजारी असा हिशेब नव्हे, हे सिस्टर तोंडी समजावून सांगतात; चित्राला तेवढे जमत नाही.)

आता ती इंग्रजी चौकट नेमकी पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात उमटते. म्हणजे चौथ्या मुलावर.

फिल्म संपल्यावर सिस्टर बाकावरच्या बायकांना दोन-तीन प्रश्न विचारतात. त्या दिवशी त्यांनी विचारले, यांतले आजारी मूल कोणते? उत्तर आले, "कोणतेच नाही. एक चांगले, दोन अर्धी." ज्या एका मुलासाठी ती फिल्म केली होती, तेच झाकले गेले होते, आणि उरलेले चित्र पाहून कोणालाही काही चुकले आहे असे वाटले नाही. पडदा बंद पडला असता तर निदान कळले तरी असते.

दुसरीही एक गोष्ट आहे. यंत्रावर चौकट आली की आपले काम होणार नाही, हे आमच्या लोकांनी रेशन दुकानातल्या अंगठ्याच्या यंत्रावरून शिकून घेतले आहे. अंगठा लागला नाही की तिथेही असेच काहीतरी उमटते आणि दुकानदार उद्या या म्हणतो. त्यामुळे पडवीतल्या पडद्यावर चौकट आली की काही बायका मुकाट्याने उठून मुलाला कडेवर घेतात. आज दवाखाना नाही, असा त्यांनी अर्थ लावलेला असतो. दोन डोंगर ओलांडून आलेली बाई चौकटीमुळे परत जाते, हे मला फार लागले. म्हणून हा विषय केवळ यंत्राच्या हौशीचा नाही.

चौकट हटवायची, तर प्रथम ती कोण रंगवते ते कळले पाहिजे. इथे मी ओल आलेल्या भिंतीचा दाखला देतो. भिंतीवर डाग दिसला की चुना मारणारा माणूस दर वर्षी चुनाच मारत राहतो. शहाणा गवंडी आधी विचारतो, पाणी छपरातून येते, जमिनीतून चढते की पलीकडच्या मोरीतून? आपल्याला पडद्यावर एकच चित्र दिसते, पण ते एकावर एक चढवलेल्या थरांचे असते. सर्वांत खाली टीव्ही स्वतः. त्याचेही स्वतःचे बोलणे असते, 'सिग्नल नाही' किंवा जोडणीचे नाव. त्यावर बोर्डाचे मूळ सॉफ्टवेअर, जे लिनक्स जागे होण्याआधीपासून काम करते. मग लिनक्सची मेजमांडणी, म्हणजे डेस्कटॉप : वरची पट्टी, माऊसचा बाण, सूचना. त्यावर ब्राउझर आणि शेवटी आमचे पान. या पाचांपैकी कोणीही तुमच्या चित्रावर काहीही चिकटवू शकतो, आणि एकाला दुसऱ्याचे ऐकू येत नाही. ब्राउझरला कितीही आज्ञा दिल्या तरी डेस्कटॉपची सूचना थांबत नाही, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही आणि ते तासन्‌तास चुकीच्या दारावर टकटक करत राहतात.

ओळखण्याची रीत सोपी आहे. बोर्डाची केबल काढली तरी ते पडद्यावर राहते का? राहत असेल तर ते टीव्हीचे. राहत नसेल, तर बोर्डाच्या आतूनच पडद्याचे चित्र टिपायचे, ज्याला स्क्रीनशॉट म्हणतात, आणि त्याच वेळी मोबाईलने समोरून फोटो काढायचा. फोटोत आहे पण स्क्रीनशॉटमध्ये नाही, असे असेल तर ते लिनक्सच्या खालून, बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमधून आलेले आहे. (माऊसचा बाणही बहुधा स्क्रीनशॉटमध्ये येत नाही, पण बाण कोणालाही ओळखता येतो.) दोन्हीत असेल, तर कीबोर्ड लावून ब्राउझर बंद करायचा. तरीही राहिले तर डेस्कटॉपचे. ब्राउझरबरोबर गेले, तर तेच पान दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून पाहायचे. तिथेही दिसले तर दोष आमच्या पानातच आहे, नाही दिसले तर तो या ब्राउझरचा उद्योग.

याच्या जोडीला वेळ लिहून ठेवायची. सिस्टरना मी एवढेच सांगितले आहे की चौकट आली की फोटो काढा आणि किती वाजता, त्याआधी काय झाले ते लिहा. 'सकाळी नऊ, लाईट गेली होती', 'दुपारी फिल्म सुरू होताच' अशा दोन शब्दांच्या नोंदींनी माझे अर्धे काम केले. दूर डोंगरात असलेले यंत्र दुरुस्त करणाऱ्याला इंजिनिअरपेक्षा अशी नोंदवही जास्त मदत करते, असे माझे मत आहे.

'सकाळी नऊ, लाईट गेली होती' ही नोंद सर्वांत जास्त वेळा होती, आणि चौथ्या मुलाला झाकणारी चौकट तीच. तिच्यात इंग्रजीत असे लिहिलेले असते की क्रोमियम नीट बंद झाला नव्हता, आधीची पाने पुन्हा उघडू का? ती येते कशी ते पाहण्यासारखे आहे. ब्राउझर सुरू होताच आपल्या एका फाईलमध्ये 'मी नीट बंद झालेलो नाही' अशी नोंद करून ठेवतो. रीतसर बंद करताना ती पुसून 'नीट बंद झालो' असे लिहितो. लाईट गेली की पुसायला वेळच मिळत नाही. पुढच्या वेळी उघडताना तो फाईल वाचतो आणि प्रामाणिकपणे विचारतो, काल अर्धवट राहिलेले काम पुढे चालू करू का? घरच्या संगणकावर हा प्रश्न उपकारच आहे. पडवीत मात्र उत्तर द्यायला ना माऊस आहे, ना कीबोर्ड, ना ती भाषा वाचणारे कोणी, म्हणून चौकट संध्याकाळपर्यंत तशीच. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट दिवसातून किती वेळा जाते हे मोजायला कोणी बसत नाही, तेव्हा चौकट रोजचीच.

याला उपाय अनेक आहेत आणि त्यांची योग्यता सारखी नाही. ब्राउझर सुरू करण्याच्या आज्ञेत एक पर्याय जोडता येतो की ही चौकट दाखवू नकोस. तो सोपा आहे, पण भरवशाचा नाही; पुढच्या आवृत्त्यांत त्या पर्यायाचे नावच बदलले, आणि जुने नाव दिले तर ब्राउझर तक्रार न करता ते सोडून देतो. दुसरा मार्ग म्हणजे ब्राउझर उघडण्याआधी त्या फाईलमधील नोंद आपणच 'नीट बंद झालो' अशी बदलणारी एक ओळ लिहून ठेवणे. हे चालते. तिसरा, ब्राउझरला खासगी पद्धतीत उघडणे, म्हणजे तो कालचे काही लक्षातच ठेवत नाही.

आम्ही आणखी एक पाऊल पुढे गेलो. रास्पबेरी पायच्या सेटिंगमध्ये अशी सोय आहे की मेमरी कार्डावर काहीच लिहिले जाणार नाही. दिवसभरात जे बदल होतील ते तात्पुरत्या स्मृतीत, आणि लाईट गेली की ते सगळे पुसले. दर सकाळी यंत्र पहिल्या दिवसासारखे कोरे उठते. याचा खरा फायदा चौकटीपेक्षा मोठा आहे, कारण लिहिता लिहिता लाईट गेली की कार्डच खराब होते आणि मग पडदा पूर्ण काळा. ही सोय चालू करण्याआधी मात्र ब्राउझर रीतसर बंद केलेला असला पाहिजे. नाहीतर 'नीट बंद झालेलो नाही' हीच अवस्था गोठते आणि चौकट रोज सकाळी न चुकता हजर. ज्यांना आपल्या संस्थेत असे काही करायचे आहे त्यांनी हे वाक्य खूण करून ठेवावे.

दुसरी नोंद, 'दुपारी फिल्म सुरू होताच', ही पिवळ्या विजेच्या छोट्या चित्राची होती. मोबाईलच्या फोटोत ती दिसे, स्क्रीनशॉटमध्ये नाही. म्हणजे ती बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरची. बोर्डाला मिळणारा दाब ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की ती उमटते. (नव्या आवृत्त्यांत तिच्याऐवजी कोपऱ्यात सूचनेची चौकट येते, कारण तिथे चित्र रंगवण्याचे काम लिनक्सने स्वतःकडे घेतले आहे.) इंटरनेटवर याचा उपाय शोधला की पहिल्याच ठिकाणी एक ओळ मिळते, जी सेटिंगच्या फाईलमध्ये लिहिली की वीज दिसेनाशी होते. ती ओळ मी लिहिली नाही, कारण हा खरोखर ओलीवर चुना मारण्याचा प्रकार आहे. वीज दिसणे बंद होते, दाब कमीच राहतो. दाब कमी पडला की बोर्ड आपला वेग कमी करतो, फिल्म अडखळते, आणि कधीतरी कार्ड बिघडते.

दाब कमी का पडतो याचा हिशेब आठवीच्या मुलालाही करता येईल. बोर्ड तीन क्रमांकाच्या आवृत्तीचा. त्याला मोबाईलची जुनी पिन बसते, म्हणून कोणीतरी मोबाईलचाच चार्जर व लांब केबल लावली होती. चार्जरमधून निघतात ५ व्होल्ट. बारीक, लांब केबलचा जाण्या-येण्याचा रोध समजा ०.२ ओहम धरला आणि फिल्म चालू असताना बोर्डाने २ अँपिअर ओढले, तर केबलमध्येच ०.४ व्होल्ट गळतात. बोर्डाच्या दारात पोहोचले ४.६. मर्यादा ४.६३. पडद्यावर स्थिर चित्र असताना ओढ कमी, म्हणून वीज दिसत नाही. फिल्म सुरू झाली की दिसते. या बोर्डासाठी मुद्दाम बनवलेला पुरवठा ५.१ व्होल्टचा आणि २.५ अँपिअरचा असतो, त्याची केबल जाड व आखूड असते. तो बसवल्यापासून वीज उमटलेली नाही. बोर्डाला आतून विचारण्याचीही एक आज्ञा आहे. उत्तर नुसते शून्य आले तर सर्व ठीक. ०एक्स५०००० असे आले तर आता ठीक आहे, पण यंत्र सुरू झाल्यापासून केव्हातरी दाब पडला होता आणि वेगही कमी करावा लागला होता. मी दर भेटीत ती आज्ञा देऊन उत्तर वहीत लिहितो.

विजेप्रमाणे एक थर्मामीटरही उमटते, बोर्ड ८० अंश सेल्सिअसच्या वर तापला की. आमच्याकडे ते एप्रिल-मे महिन्यांत दिसले, टीव्हीच्या पाठीशी हवा खेळत नसल्याने. बोर्ड तिथून काढून खाली मोकळ्या जागेत टांगला. एवढेच.

बाकीच्या पाहुण्यांविषयी थोडक्यात सांगतो. डेस्कटॉपच्या थरातून येणारे पाहुणे पुष्कळ : वरची पट्टी, 'नवीन सुधारणा उपलब्ध आहेत' अशी सूचना, पेनड्राइव्ह लावला की 'काय करू?' अशी विचारणा. प्रत्येकाला वेगळे गप्प करता येते, पण मघाशी म्हटले तसे लिनक्समध्ये काढून टाकण्याची मुभा आहे. ज्या यंत्रावर एकच पान दाखवायचे त्याला मेज, पट्टी, घड्याळ, आवाजाचे चिन्ह हवेच कशाला? म्हणून आम्ही डेस्कटॉप सुरूच करत नाही. केवळ चित्र दाखवण्यापुरती व्यवस्था आणि तिच्यावर थेट ब्राउझर. जो घरात नाही तो दार वाजवत नाही. माझ्या अनुभवात लपवण्याच्या दहा युक्त्यांपेक्षा हे एक काम जास्त टिकते.

पडद्याच्या मधोमध उभा राहणारा बाण, माऊस लावलेला नसला तरी तो दिसतो. त्यासाठी 'अनक्लटर' नावाची छोटी आज्ञावली आहे. हालचाल थांबली की बाण नाहीसा करते. दवाखान्यात ती उत्तम चालली. वसतिगृहातल्या दुसऱ्या पडद्यावर तीच आज्ञावली तशीच बसवली, तर काहीच परिणाम नाही, आणि चूक झाल्याचा संदेशही नाही. कारण त्या पडद्याचा बोर्ड चार क्रमांकाचा, प्रणालीही नवी. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या आवृत्तीपासून रास्पबेरी पायने या बोर्डांवर पडद्यावर चित्र काढण्याची जुनी व्यवस्था, जिला एक्स म्हणतात, ती बदलून वेलँड ही नवी आणली. एक्ससाठी लिहिलेल्या बऱ्याच युक्त्या वेलँडला समजतच नाहीत. तिथे आम्ही बाणाचे चित्रच पारदर्शक केले. बाण आहे, दिसत नाही. कोणत्याही जुन्या सूचनेप्रमाणे काही करण्याआधी आपले यंत्र या दोहोंपैकी कोणते ते पाहावे, अर्धी निराशा वाचते.

ब्राउझर कधी कधी 'किल्ल्यांच्या जुडग्यासाठी' पासवर्ड मागतो. यंत्र कोणी नाव न घालता आपोआप सुरू होते, म्हणून जुडग्याचे कुलूप उघडलेले नसते, आणि ब्राउझरला आपले पासवर्ड तिथे ठेवायचे असतात. आमच्या पडद्याला पासवर्डच नाहीत. तेव्हा साध्या पद्धतीने ठेव, जुडगे वापरू नकोस, असा पर्याय दिला की मागणी थांबते.

भाषांतराची पट्टी मात्र मजेची होती. पान पावरीत, देवनागरी लिपीत. ब्राउझर शब्दांवरून भाषा ओळखू पाहतो, आणि पावरी त्याच्या यादीत नसावी; कधी त्याला ती हिंदी वाटे, कधी मराठी. मग इंग्रजीत विचारणा, याचे भाषांतर करू का? इथे चौकट ब्राउझरची असली तरी औषध पानात आहे. पानाच्या अगदी पहिल्या ओळीत 'याचे भाषांतर करू नये' असे लिहिता येते, आणि ब्राउझर ते पाळतो. वसतिगृहातल्या मुलांना हे सांगितले तेव्हा एकाने विचारले, "मग आपली भाषा त्याला शिकवत का नाहीत?" प्रश्न योग्य होता.

स्पर्शाचा पडदा असेल, तर आणखी एक वर्ग वाढतो. वसतिगृहातला पडदा स्पर्शाचा आहे, आणि मुलांच्या बोटांपुढे कोणतीही व्यवस्था कच्चीच. बोट दाबून धरले की पर्यायांची यादी उघडते, दोन बोटे फाकवली की पान मोठे होते, बोट आडवे ओढले की मागच्या पानावर जाते. या तिन्ही गोष्टी बंद करता येतात, काही पानात, काही ब्राउझरच्या आज्ञेत. मोठे करण्याची सोय मी मुद्दाम चित्रांच्या भागापुरती ठेवली आहे, कारण नकाशात आपला पाडा शोधताना मुले तीच वापरतात.

इंटरनेट गेले की दिसणारे डायनासोरचे पान पुष्कळांनी पाहिले असेल. आमच्याकडे मोबाईलचे टॉवर पावसात भरवशाचे नाहीत, म्हणून पान आणि सर्व फिल्म बोर्डाच्या कार्डावरच ठेवल्या आहेत, नंबर पुकारण्याचे कामही दवाखान्यातल्या दवाखान्यात होते. बाहेरचे जग तुटले तरी पडद्याला कळत नाही. नवी फिल्म द्यायची असेल तर मी पेनड्राइव्ह घेऊन जातो.

उलट प्रकारची एक तक्रार असते, की चौकट नको ते ठीक, पण चित्रच नाहीसे होते. दहा मिनिटे कोणी माऊस-कीबोर्ड हलवला नाही तर पडदा काळा करायचा, ही एक्सची मुळातली सवय आहे, आणि फिल्म पाहणारे पन्नास जण समोर बसले आहेत हे तिला कळण्याचा मार्ग नाही. ती सवय सेटिंगमधून मोडावी लागते.

हे सगळे वाचताना आपल्यापैकी काहींना आपल्या मंडळीचा प्रोजेक्टर आठवला असेल. गीताचे दुसरे कडवे सुरू असताना शब्दांवर कोणाच्या तरी मोबाईलचा किंवा लॅपटॉपचा संदेश चढतो आणि सगळी मंडळी तो वाचते. तिथेही रीत हीच : आधी ते प्रोजेक्टरचे, लॅपटॉपचे की गीते दाखवणाऱ्या आज्ञावलीचे ते ठरवा, मगच काहीतरी दाबा. उपासनेपुरता त्या लॅपटॉपवर निराळा वापरकर्ता उघडून ठेवला, ज्यात ई-मेल, संदेश यांची खातीच नाहीत, तर बहुतेक त्रास संपतो.

काही गोष्टी झाकू नयेत, यावर माझे आणि वसतिगृहाच्या सरांचे थोडे मतभेद आहेत. त्यांचे म्हणणे, पडद्यावर आपल्या चित्राशिवाय काहीही दिसता कामा नये. मला वाटते, दाब कमी होणे, तापणे, कार्ड भरणे हे कोणाला तरी दिसलेच पाहिजे, फक्त ते बाकावर बसलेल्या बाईला दिसू नये. म्हणून बोर्डाच्या कडेला एक लहान दिवा जोडला आहे. सर्व ठीक तर हिरवा, काही बिनसले तर लाल. सिस्टर सकाळी दार उघडताना त्याकडे पाहतात. लाल असेल तर वहीत लिहून मला कळवतात.

टीव्हीच्या मागे एक कागद चिकटवला आहे, पावरी आणि मराठी दोन्हींत : चौकट आली तर फोटो काढा, बटण एकदा बंद करून दहापर्यंत मोजून चालू करा, तरीही राहिली तर पडदा बंद ठेवा आणि नंबर तोंडी पुकारा. शेवटची ओळ मी आग्रहाने घातली. अर्धे झाकलेले चित्र दाखवण्यापेक्षा काळा पडदा बरा. सिकलसेलची फिल्मही बदलून घेतली. चारही मुले आता मधोमध आहेत आणि कोपरे मोकळे ठेवले आहेत. पुढच्या खेपेला सिस्टरांनी तोच प्रश्न विचारला तेव्हा तीन-चार बायकांनी उजवीकडच्या लाल मुलाकडे बोट दाखवले, आणि एकीने नवऱ्याची तपासणी कुठे होते ते विचारले.

ज्यांना या कामासाठी काही द्यावेसे वाटते त्यांना एक विनंती. घरात पडून असलेले मोबाईलचे चार्जर व केबल कृपया पाठवू नयेत; कारण वर आलेच आहे. आम्हाला उपयोग आहे तो जाड केबलच्या, रास्पबेरी पायसाठीच बनवलेल्या पुरवठ्याचा आणि लाईट गेल्यावर बोर्ड व टीव्ही थोडा वेळ तग धरतील अशा लहान बॅकअपचा. तिसरा पडदा नव्या उपकेंद्रात दिवाळीनंतर लावायचा आहे.

एक पाहुणा मात्र अजून जात नाही. टीव्ही चालू होताना त्याच्या कंपनीचे रंगीत चिन्ह पडदाभर फिरते. ते टीव्हीच्या स्वतःच्या थरातले, तिथे लिनक्सचा हात पोहोचत नाही, आणि त्याच्या सेटिंगमध्येही ते बंद करण्याची सोय नाही. काही क्षणांचा खेळ आहे. लाईट आली की पडवीतली मुले त्यासाठीच पडद्याकडे धावतात, म्हणून त्याच्या मागे मी लागलेलो नाही.